हेतू सांगणारी मुले

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा पहिला पाठ. सतराव्या शतकातला हा लहानसा ग्रंथ. संस्कृत पाठशाळांत न्यायाचा अभ्यास आजही बहुधा येथूनच सुरू होतो. ‘बालां’ना सुखाने समजावे म्हणून आपण हे लिहीत आहोत, असे ग्रंथकार पहिल्याच श्लोकात सांगतो. पुढची पाने उलटली की पदार्थ, प्रमाणे, अनुमान, हेत्वाभास असा मजकूर लागतो आणि वाचकाला प्रश्न पडतो, हे कसले बाल? टीकाकारांनाही तो पडला होता. एक उत्तर असे : बाल म्हणजे अंगावर पिणारे मूल नव्हे, सांगितलेले ज्याला समजून घेता येते आणि ध्यानात ठेवता येते तो बाल. दुसरे उत्तर असे : जो व्याकरण, काव्य, कोश शिकला आहे, पण न्याय अजून शिकलेला नाही, तो बाल.

वरवर पाहता दोन्ही उत्तरे एकाच सुरातली वाटतात. पण पहिली व्याख्या धरली तर आठ वर्षांचे कोणतेही चुणचुणीत पोर तर्कशास्त्राला अधिकारी ठरते. ते कुणाच्या घरचे, मुलगा की मुलगी, हा प्रश्नच उठत नाही. दुसरी धरली तर ज्या घरात आधीच व्याकरण आणि अमरकोश घोकला जातो त्याच घरातला मुलगा आत येतो. सातारा आणि सांगली या मुलखात मुलांना विचार करायला, कारण द्यायला, वाद करायला कोणी आणि कसे शिकवले याचा इतिहास मी गेली काही वर्षे जमेल तसा जुळवतो आहे. त्या सगळ्या इतिहासावर या दोन व्याख्यांची छाया आहे, असे माझे मत झाले आहे. (हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारण सरळ आहे. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी हा बराचसा एकच मुलूख होता.)

प्रथम, शिकवायचे ते काय होते हे पाहू. न्यायशास्त्रातले अनुमान दुसऱ्याला पटवून द्यायचे तर पाच पायऱ्यांनी सांगावे लागते. त्या डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धूर असलेला आहे, हा उपनय. म्हणून त्यावर अग्नी आहे, हे निगमन. ज्यांनी युरोपीय तर्कशास्त्र कॉलेजात शिकले त्यांना हे पाच अवयव लांबण लावल्यासारखे वाटतात. तीन विधानांत काम भागते असे ते म्हणतात. पण येथे समोर एक माणूस बसला आहे आणि त्याला पटवायचे आहे, हे धरून ही रचना झाली आहे. म्हणून तर उदाहरण लागते, आणि तेही दोघांनी पाहिलेले. स्वयंपाकघर कोणी पाहिलेले नाही?

खरी गंमत पुढे आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे मान्य. मग जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येईल का? पोर पटकन ‘हो’ म्हणते. तेव्हा गुरुजी लोहाराच्या भट्टीतला लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. त्यात अग्नी आहे, धूर कोठे आहे? मग मूल विचारात पडते आणि शोधत जाते की, धूर अग्नीमुळे येतो खरा, पण ओल्या जळणाची जोड असेल तर. ही जी मध्ये लपलेली अट, तिला न्यायात ‘उपाधी’ म्हणतात. पसरणीच्या घाटाकडे पावसाळ्यात पाहिले तर डोंगरावर पांढरे काही तरंगताना दिसते. ते धुके आहे की धूर, याची खात्री न करता अग्नी सिद्ध करू गेले तर हेतूच असिद्ध ठरतो. असे फसवे हेतू, म्हणजे हेत्वाभास, पाच प्रकारचे सांगितले आहेत. अनुमानाला दिशा असते, ते उलटे फिरवता येत नाही, आणि नियम मोडायला एक उलटे उदाहरण पुरते, एवढे ज्याला दहाव्या वर्षी समजले त्याला आयुष्यभर फसवणे अवघड.

तिकडे अमेरिकेत मॅथ्यू लिपमन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने १९७४ साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर येथे मुलांसाठी तत्त्वज्ञान शिकवण्याची संस्था उभी केली. विद्यापीठात आलेल्या तरुणांना तर्क शिकवायला फार उशीर झालेला असतो, असे त्याचे मत होते. त्याने मुलांसाठी एक गोष्टीचे पुस्तक लिहिले. त्यातला शाळकरी नायक वर्गात चुकीचे उत्तर देतो. सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, यावरून सूर्याभोवती फिरणारे सगळे ग्रहच, असे तो धरतो. पण धूमकेतूही फिरतो. त्यातून त्याला शोध लागतो की ‘सगळे’ने सुरू होणारे वाक्य उलटे करता येत नाही. लिपमनचा धूमकेतू आणि आपला तापलेला गोळा, दोघांचे काम एकच. लिपमन आधुनिक आणि आपले शास्त्री जुनाट, अशी वाटणी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. उलट, ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ म्हणणाऱ्यांसाठीही एक प्रश्न आहे : होते, पण कोणाकडे?

या प्रश्नासाठी वाईला जावे लागते. कृष्णाकाठच्या या गावात नारायणशास्त्री मराठे यांनी १९१६ साली प्राज्ञपाठशाळा स्थापन केली. पुढे संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती झाले. मीमांसाकोशाचे प्रचंड काम त्यांचेच. धुळ्याकडच्या पिंपळनेरचा लक्ष्मण जोशी नावाचा मुलगा किशोरवयात त्यांच्याकडे शिकायला आला. १९२३ साली कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवून तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. विनोबा भावेही १९१७ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वर्षभर अभ्यासाला निघाले तेव्हा वाईला नारायणशास्त्र्यांपाशी राहिले. तेथे विद्यार्थ्यांच्या वाचनालयाला पैसे हवेत म्हणून त्यांनी मुलांबरोबर लोकांची दळणे दळून दिली. शास्त्र शिकणारी पोरे जात्यावर बसलेली आहेत, हे चित्र मला कोणत्याही पाठापेक्षा कमी बोलके वाटत नाही.

पाठशाळेतले शिकणे म्हणजे नुसती घोकंपट्टी, असा एक समज आहे. घोकंपट्टी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पंक्ती लावताना शंका काढायची, तिचे समाधान करायचे, त्यावर पुन्हा शंका काढायची, आणि मुख्य म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा नीट मांडून मगच खोडायचे, ही शिस्तही तेथेच होती. ‘पूर्वपक्ष’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. त्यामागची सवय मात्र सहज लागत नाही.

ती लागली की काय होते याचे उदाहरण लक्ष्मणशास्त्रीच आहेत. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातून अस्पृश्यतानिवारणाचे काम हाती घेतले तेव्हा सनातनी पंडितांशी शास्त्राधारांवर झगडायला जे शास्त्री उभे राहिले त्यांत ते होते. १९३३ साली देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचे पौरोहित्यही त्यांनी केले. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे गेले. म्हणजे ज्या शस्त्राने परंपरा राखावी म्हणून शिकवले गेले, त्याच शस्त्राची धार परंपरेवर चालली. पण हे शस्त्र हाती येण्याची वाट संस्कृतातून जात होती, आणि ती वाट सर्वसाधारणपणे ठरावीक घरांतल्या मुलांसाठीच मोकळी होती. मुलींचा तर विचारच नव्हता. टीकाकारांची दुसरी व्याख्या येथे राज्य करत होती.

आता त्याच जिल्ह्यातले दुसरे मूल पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीवा रामजी आंबेडकर याचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. वर्गात त्याला कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. पुढच्या वर्षी भावंडांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला तो निघाला. मसूर स्टेशनवर उतरला. मुलांचे कपडे नीटनेटके होते. स्टेशनमास्तराने त्यावरून ही ब्राह्मणांची मुले असावीत असे धरले. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. तर्काच्या नजरेने पाहिले तर स्टेशनमास्तराच्या हातात लोखंडाचा तापलेला गोळाच आला होता. नीटनेटके कपडे म्हणजे वरची जात, हा त्याचा नियम त्याच्या डोळ्यांदेखत मोडला. खरे तर त्याने नियम टाकून द्यायचा. त्याने नियम ठेवला आणि मुलांना टाकले. नऊ वर्षांच्या मुलाला यातली विसंगती दिसली नसेल असे कोण म्हणेल? ती दाखवून देण्याची जागा मात्र त्याला त्या स्टेशनवरही नव्हती आणि त्या वर्गातही नव्हती.

याच्या कितीतरी आधी ती जागा एका मुलीने मिळवली होती. साताऱ्याकडच्या नायगावच्या सावित्रीबाई आणि मूळ कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी पुण्यात काढलेल्या शाळेतली मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. हा निबंध आपण करुणेने वाचतो, त्यातल्या हालांचे वर्णन वाचून हळहळतो. ते योग्यच आहे. पण तो युक्तिवाद म्हणूनही वाचला पाहिजे. तिचे म्हणणे थोडक्यात असे : वेद फक्त ब्राह्मणांचे, ते आम्ही पाहूही नयेत, असे ब्राह्मणच सांगतात. म्हणजे आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. पुस्तकच नाही तर त्यात सांगितलेला धर्मही आमचा नाही. मग आमचा धर्म कोणता?

हे फार तयारीचे काम आहे. ती प्रतिपक्षाचे विधान खोटे म्हणत नाही. ते खरे धरते आणि त्यातून त्यालाच न परवडणारा निष्कर्ष काढून दाखवते. न्यायशास्त्रात ‘तर्क’ या शब्दाचा काटेकोर अर्थ नेमका हाच आहे : एक गोष्ट क्षणभर मानून घेऊन त्यातून नको असलेला परिणाम दाखवणे. मुक्ताने अन्नंभट्ट वाचलेला असण्याची शक्यता नाही. तिच्या शाळेत प्रश्न विचारायला मोकळीक होती, आणि विचारायला तिच्यापाशी प्रश्न होता. जोतीरावांच्या लेखनाचीही रीत तीच आहे. ‘तृतीय रत्न’ हे नाटक. ‘गुलामगिरी’ हा जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद. धोंडीबा शंका काढतो आणि पुस्तक पुढे सरकते. टीकाकारांची पहिली व्याख्या, समजून घेणारा आणि ध्यानात ठेवणारा तो बाल, ही येथे खरी होते. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, कराडजवळच्या टेंभूत गोपाळ गणेश आगरकर जन्मले. मोठ्यांनी मुलांना कारणे द्यावीत, नुसते हुकूम देऊ नयेत, ही बुद्धिवादी भूमिका त्यांनी पुढे ‘सुधारका’तून मध्यमवर्गाच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला.

मग शाळा सगळ्यांना मिळाली. सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले, काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एकत्र रांधत, एकाच पंगतीला बसत. न्यायातल्या अनुमानाचे ठरलेले उदाहरण स्वयंपाकघर हे आहे, असे वर आले आहे. भाऊरावांनी स्वयंपाकघरच उदाहरण म्हणून मुलांपुढे ठेवले. विटाळ होतो म्हणणाऱ्याला रोज दोन वेळा उलटे उदाहरण ताटात मिळत होते. हे वर्गातल्या कोणत्याही धड्यापेक्षा मोठे शिक्षण होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण दुसरी एक गोष्ट येथे निसटली असे मला वाटते, आणि तिचा दोष एका संस्थेचा नाही. शाळा जिथे जिथे खेड्यापाड्यांत पोहोचली तिथे अक्षर पोहोचले, गणित पोहोचले, इतिहास-भूगोल पोहोचला. हेतू, उदाहरण, हेत्वाभास हे मात्र पाठशाळेच्या ओसरीवरच राहिले. ते संस्कृतात होते, आणि संस्कृत म्हणजे भटाब्राह्मणांचे, म्हणून नव्यांनी त्यांना हात लावला नाही. जुन्यांनी ते मराठीत आणून रयतेच्या पोरांपुढे ठेवण्याची तसदी घेतली नाही. दोघांचीही कारणे समजण्यासारखी आहेत. नुकसान पोरांचे झाले.

त्याची जागा घेतली वक्तृत्व स्पर्धेने. सातारा-सांगलीत वाढलेल्या कोणालाही हा प्रकार सांगायला नको. गुरुजींनी किंवा वडिलांनी लिहून दिलेले भाषण, हातवाऱ्यांसकट पाठ; ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून घंटा होईपर्यंत. वादविवाद स्पर्धा असेल तर ‘बाजूने’ की ‘विरुद्ध’ हे चिठ्ठीवर ठरते, किंवा शाळा ठरवते. मुलाला काय वाटते हे कोणी विचारत नाही. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर दिले नाही तरी चालते, आवाज चढला पाहिजे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच नाही, दुसऱ्याचे फक्त मोडायचे, ती वितंडा. आपल्या शाळांनी मुलांना जल्पाचे ढाल-चषक वाटले आणि त्याला वादविवाद म्हटले. या स्पर्धांनी चांगले पुढारी दिले असे सांगतात. असतील. मी विचारतो ते वेगळे आहे : त्यांनी ‘तुझे म्हणणे पटले, मी माझे सोडतो’ असे म्हणणारा एक तरी मुलगा दिला का? त्या स्पर्धेच्या नियमांत तसे म्हणणाऱ्याला शून्य गुण आहेत.

भाषेनेही याची नोंद ठेवली आहे. मराठीत ‘वाद घालणे’ म्हणजे भांडणे. ‘तर्क’ म्हणजे अंदाज, आणि ‘तर्कट’ म्हणजे तर निव्वळ वाकडेपणा. ‘पक्ष’ म्हणजे ज्याविषयी सिद्ध करायचे ती जागा. तो आता निवडणुकीत उभा राहतो. ‘उपाधी’ नावापुढे लागते. आणि सगळ्यांत बोलका बदल ‘हेतू’चा. न्यायात हेतू म्हणजे कारण, पुरावा. आपल्या बोलीत हेतू म्हणजे मनातला डाव. पोराने घरात एखादी शंका काढली की त्याचा हेतू, म्हणजे कारण, कोणी ऐकत नाही. त्याचा हेतू काय असावा, याचीच चौकशी सुरू होते.

ही खोड मोडण्याचा अलीकडचा मोठा प्रयत्न याच मातीतून आला. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिक्षण सातारा, सांगलीचे विलिंग्डन कॉलेज आणि मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय असे या दोन जिल्ह्यांतच झाले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांत चमत्कारांचे प्रयोग घेऊन गेले. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायले, तो दिवस आठवून पाहा. चमच्यातले दूध नाहीसे झाले, म्हणून मूर्तीने ते प्यायले. पाच अवयवांत हे बसवून पाहिले की चूक कोठे आहे ते शाळकरी पोरही सांगेल. जेथे जेथे दूध ओढले जाते तेथे तेथे पिणारा असतो, हा नियम खरा आहे का? भरलेला चमचा कुठल्याही ओल्या दगडाला हलके टेकवावा. दूध तेथेही ओढले जाते आणि दगडावरून ओघळते. हाही लोखंडाचा गोळाच. पृष्ठताण हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

या प्रयोगांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती आदर ठेवून नोंदवतो. प्रयोग करणारा व्यासपीठावर असतो आणि मुले खाली. बाबाने हातातून अंगारा काढला तेव्हाही मुले खालीच होती. उलटे उदाहरण दुसऱ्याने दाखवले तर मूल एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जाते. ते त्याने स्वतः शोधले तरच पद्धत हाती लागते. दाभोलकरांचा भर प्रश्न विचारण्यावर होता, आणि त्यांनी शिक्षकांना हाताशी धरले ते त्यासाठीच. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. हेतू मागणाऱ्या माणसाला दिलेले ते उत्तर होते. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. शाळेत तर्काचा तास काही आला नाही. आज महाराष्ट्रात तर्कशास्त्र मुलांना भेटते ते अकरावीला, तेही कला शाखेत, तेही ऐच्छिक.

वाईत मात्र एक धागा तुटला नव्हता. मे. पुं. रेगे हे मुंबईच्या कीर्ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले प्राध्यापक पुढे वाईला आले, ‘नवभारत’ चालवला, लक्ष्मणशास्त्र्यांच्या मागे विश्वकोशाची धुरा घेतली. १९८३ साली पुण्यात त्यांनी एक विलक्षण सभा घडवली. एका बाजूला न्यायशास्त्राचे परंपरागत पंडित, दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक, आणि मध्ये विषय बर्ट्रांड रसेलचा : विधान म्हणजे काय? रसेलचे म्हणणे पंडितांपुढे संस्कृतात मांडले गेले आणि त्यांनी त्यावर संस्कृतातून शंका काढल्या. त्या चर्चेचे पुस्तक ‘संवाद’ या नावाने १९९१ साली निघाले. टीकाकारांची दुसरी व्याख्या लावली तर न्याय शिकलेले, पण रसेल न शिकलेले ते वयोवृद्ध पंडित त्या सभेत बालच ठरतात. आणि रसेल शिकलेले, पण न्याय न शिकलेले प्राध्यापकही.